खुणेशिवायचा सांगावा

ठाण्याच्या त्या कंपनीत काळूराम वेखंड्याला सगळे 'पावणेसहा' म्हणत. पावणेसहा वाजले की हा खुर्ची मागं सारणार, डबा पिशवीत घालणार आणि जिना उतरणार. त्या वेळची लोकल चुकली की आसनगावला जायला तासभर खोळंबा. पण खोळंबा झाला असता तरी बिघडलं काय असतं, हे कोणालाच कळत नसे.

शेजारच्या टेबलावरचा प्रणित म्हात्रे भिवंडीकडचा, तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "ओ पावणेसहा, आसनगावात कोण वाट बघतंय तुझी? बायको नाय, पोर नाय. खोलीतली पाल काय?"

"पाल पण नाय रे," काळूराम म्हणे. "मालकानं भिंतीला रंग काढला, तवाच गेली."

गाव त्याचं धसईच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीत. दीड एकर भाताची जमीन, त्यात थंडीत वाल. घरी एकटी आई, धोंडीबाई. ती गाव सोडायला तयार नाही आणि गावातून रोज ठाण्याला यायला माणसाला पंखच लागतील. म्हणून त्यानं आसनगावात खोली धरली. तिथनं शनिवारी शहापूर गाठावं, शहापूरहून किन्हवलीमार्गे एसटीनं गावाकडं जावं, आणि सोमवारी पहाटे उलटं यावं. बाकीचे पाच दिवस खोली, खानावळ आणि ठाण्याचं टेबल.

पावणेसहाची अडचण होती म्हणूनच त्याच्या हातून ती वस्तू घडली.

प्रोग्राम लिहून झाला की तो यंत्राच्या भाषेत उतरवावा लागतो, त्याला कम्पाइल करणं म्हणतात. कंपनीचा प्रोग्राम अवाढव्य, कॉम्प्युटर जुने. उतरायला दोन-दोन तास जायचे. चार वाजता काम सुरू केलं तर हा निघायच्या वेळेला यंत्र अजून कण्हतच असायचं. आणि नवलाची गोष्ट अशी, की एक यंत्र घाम गाळतंय तेव्हा बाकीची आठ नुसती बसलेली असायची. काळूरामला ते बघवेना. त्याच्या गावात लावणीला सावड असते. आज याच्या शेतात सगळे उतरायचे, उद्या त्याच्या. एकट्यानं लावणी करायची म्हणजे श्रावण उजाडेल.

मग अठ्ठ्याण्णव साली चार महिने जेवणाच्या सुटीत बसून त्यानं एक अवजार लिहिलं. प्रत्येक यंत्रात एक अदृश्य गडी बसवून ठेवायचा. एका यंत्रानं हाळी दिली, 'एवढा तुकडा उतरवून दे', की ज्याचे हात मोकळे असतील त्या यंत्रातला गडी तो उतरवून द्यायचा. दोन तासांचं काम वीस मिनिटांवर आलं. त्याचं नाव त्यानं 'सांगावा' ठेवलं. गावाकडं जाणाऱ्याच्या तोंडी निरोप धाडतात, तो सांगावा.

साहेबाला त्यात विकण्यासारखं काही दिसलं नाही. म्हणाला, "वाट फुकट." काळूरामनं ते इंटरनेटवर फुकट ठेवून दिलं आणि विसरून गेला.

दोन महिन्यांनी पहिलं पत्र आलं. मग आठवड्याला एक, मग रोज चार, मग दहा. कुठलीकुठली माणसं. कोणी म्हणे, तुझ्या सांगाव्यामुळं मी आता पोरीला शाळेतून आणायला वेळेवर जातो. कोणी विचारी, सांगावा म्हणजे काय? काळूराम ती पत्रं कंपनीत जुन्या कागदांच्या पाठीवर छापून घ्यायचा, खोलीवर आणायचा, खानावळीतून आल्यावर कॉटवर पडून वाचायचा. उत्तरं मनात जुळवायची, दुसऱ्या दिवशी ठाण्याला जाऊन लिहायची. वाचलेली पत्रं एका पत्र्याच्या पेटीत जात. पेटीत आधी बापाची टोपी होती. ती त्यानं वर खुंटीला अडकवली.

त्यातला एक मारेक. पोलंड देशातल्या कुठल्याशा कॉलेजात यंत्रं सांभाळायचा. त्याची बायको वारली होती. तो लिहायचा बर्फाबद्दल, हा लिहायचा भाताबद्दल. मारेकनं एकदा विचारलं, तुझी आई कॉम्प्युटर बघून काय म्हणते? काळूरामनं लिहिलं, तिनं अजून बघितला नाही, पण ती म्हणते की ज्याला चारा लागत नाही त्याचा भरवसा धरू नये. मारेकनं हे वाक्य आपल्या दारावर चिकटवलं म्हणे.

प्रणित चेष्टा करायचा, "सांगावेवाले बुवा, बोला. आज कुठल्या देशातनं स्थळ आलं?" पण काळूरामला त्याचं काही वाटत नसे. तीस उलटली होती, दोन स्थळं येऊन गेली होती. एकीला आसनगाव लांब वाटलं, दुसरीला धसई. पेटी मात्र भरत चालली होती.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात मारेकच्या पत्रात बर्फाखाली एक ओळ होती. 'एक विचारतो, रागावू नकोस. तुझा गडी सांगावा आला की काम करतो. पण सांगावा कोणी धाडला हे त्याला कसं कळतं?'

काळूरामनं एरवी दोन दिवस विचार करून उत्तर दिलं असतं. हे त्यानं तिथल्या तिथं लिहिलं. 'त्यानं ते विचारू नये, म्हणूनच तो तसा केला आहे.'

हे असं लिहिण्याला कारण होतं, आणि ते त्यानं मारेकलाच काय, कोणालाच कधी सांगितलं नव्हतं.

काळूरामचा बाप, धाऊ, भात झोडून झालं की मजुरीला बाहेर पडायचा. कल्याणला लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचा. घरी काही कळवायचं तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडी सांगावा, आणि सांगाव्याबरोबर खूण. खूण म्हणजे त्या दोघांनाच ठाऊक असलेली एखादी बारकी गोष्ट. 'परवाच्या दिशी भाकर करपली तिची खूण, कणगीतलं भात दे.' खूण पटली की धोंडीबाई भात काढून द्यायची. न पटली तर ओंजळभर कोंडाही नाही. गावात दुसऱ्या कोणाकडं एवढी कडक रीत नव्हती. बाया हसायच्या, "धोंडे, नवरा दारात आला तरी खूण इचारशील गो!"

काळूराम अकरा वर्षांचा असताना उन्हाळ्यात एक माणूस अंगणात आला. अनोळखी, मळका सदरा, पायी आलेला. म्हणाला, "धाऊच्या अंगावर ओंडका आला. कल्याणात दवाखान्यात हाये. तुमाला बोलवलंय, आताच्या आता."

धोंडीबाईनं विचारलं, "खूण काय?"

"खूणबीन काय नाय सांगितली, बाई. माणूस दुखण्यात बोलतोय."

तिनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला, ओट्यावर बसवलं. पण ती गेली नाही. माणूस दोनदा वळून बघत निघून गेला. चौथ्या दिवशी गावचेच दोघं धाऊचं प्रेत बैलगाडीत घालून घेऊन आले. दवाखान्यात तो तीन दिवस जिवंत होता. दाराकडं तोंड करून पडायचा, असं ते दोघं म्हणाले.

त्या दिवसापासून काळूराम आईशी बोलला, पण ह्या गोष्टीबद्दल कधी बोलला नाही. पंधरा वर्षांनी जेव्हा आपला गडी बनवायची वेळ आली, तेव्हा त्यानं त्याला एकच गोष्ट शिकवली. दारात आलेल्याला खूण विचारायची नाही. सांगितलं की उठायचं आणि निघायचं.

मार्चमध्ये मारेकचं पत्र आलं. ह्या वेळी बर्फ नव्हता.

'कोणीतरी आमच्या कॉलेजच्या यंत्रांना सांगावा धाडला. प्रोग्राम उतरवायचा नव्हे, सगळं पुसून टाकायचा. तुझ्या गड्यानं मुकाट्यानं पुसलं. चाळीस यंत्रं. पोरांचं वर्षाचं काम गेलं. ते अवजार चांगलं आहे असं त्यांना मीच सांगितलं होतं. काळू, तुझं अवजार ज्या ज्या यंत्रात आहे, ते यंत्र जगातल्या कोणालाही उघडं आहे. लोकांना सावध करायला हवं. मी आठ दिवस थांबतो, मग मला सांगावंच लागेल. पण तू सांगितलंस तर बरं.'

काळूरामनं ते पत्र छापलं नाही.

प्रणितनं त्याचा चेहरा बघून खुर्ची ओढली, पडद्यावरचं वाचलं आणि पहिल्यांदा चेष्टा केली नाही. "हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "गुपचूप दुरुस्त करून नवीन ठेव. जुनं वापरणारे वापरतील. कोणाला काय कळतंय?"

"जुनं वापरणाऱ्यांची दारं उघडीच राहतील ना."

"मग सांग सगळ्यांना. पण एक लक्षात घे. हे अवजार अनोळखी माणसाचं ऐकतं म्हणून सांगितलंस, तर उद्या एक माणूस ठेवणार नाय. तुझी पत्रं बंद."

हे प्रणितला कळलं होतं, याचंच काळूरामला जास्त लागलं. आपली पेटी ह्याला दिसत होती तर.

आठातले चार दिवस गेले. रोज तो सूचना लिहायला बसायचा आणि पहिल्या ओळीवर अडायचा. 'चूक माझी आहे' असं लिहिलं की पुढं कशी झाली ते लिहायला लागणार, आणि ती कशी झाली ते इंग्रजीत तर नाहीच, मराठीतही त्याला लिहिता येण्यासारखं नव्हतं. शनिवारी तो गावाला गेला.

धोंडीबाई ओट्यावर वाल निवडत बसली होती. लेकाकडं एकदा बघून ती म्हणाली, "काय रे, कोनी मारलं का काय?"

"काय नाय. चहा टाकतो." तो आत गेला. चूल पेटवली, आधण ठेवलं, अंधाऱ्या फळीवरचे डबे चाचपून चहा केला, दोन कप घेऊन बाहेर आला. पहिला घोट घेतला आणि कळलं, साखरेऐवजी खडं मीठ पडलंय. आईकडं बघितलं तर ती बशीत ओतून शांतपणे पीत होती. काळूरामनंही कप परत तोंडाला लावला. दोघांनी सगळा चहा संपवला.

"आता बोल," ती म्हणाली.

"मी एक गडी बनवला होता, आये. लोकांच्या यंत्रांत बसून राहतो. कोणी काम सांगितलं की करतो."

"कोनीबी?"

"कोणीबी."

"घरातली वस्तू काढून दे म्हनलं तर?"

"देतो. दिली. चाळीस घरांची दिली."

धोंडीबाईचा सुपातला हात थांबला. "मंग तो गडी नाय रे, येडा हाये. खूण नाय शिकवलीस त्याला?"

एकवीस वर्षं आत कोंडलेलं काळूरामच्या तोंडून बाहेर आलं. "नाय शिकवली! खूण इचारत बसलीस म्हणून बाबा एकटा मेला. तीन दिवस दाराकडं बघत व्हता. एकदा, एकदा तरी बिनखुणेची गेली असतीस!"

समोरच्या अंगणात कोंबडी माती उकरत होती. धोंडीबाईनं सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले. रडली नाही. दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तशी सांगू लागली.

"तू नव्हतास तवा. माझं लगीन होऊन वरीस झालं असंल. तुझा बाबा म्हशाच्या जत्रेला गेलता, बैलासाठी घुंगरू आणायला. दुपारचा एक माणूस आला. चांगला धुतलेला सदरा, गोड बोलनं. म्हनला, वैनी, धाऊनं सांगावा धाडलाय. पवळ्याला गिऱ्हाइक गावलंय, लगोलग घेऊन ये म्हनतो. मी भोळी. कासरा सोडून त्याच्या हातात दिला. पवळ्या वळून बघत व्हता, मीच त्याला म्हनलं, जा रे, धनी बोलवतोय."

काळूरामनं रिकामा कप खाली ठेवला.

"सांजचा तुझा बाबा आला. हातात घुंगरू. गोठ्यात एकच बैल."

"मारलं तुला?"

"बोट नाय लावलं. रातभर उंबऱ्यात बसला. सकाळी गावाला सांगितलं, बैल मीच जत्रेत इकला. लोकांनी येड्यात काढला त्याला, चांगली जोडी मोडून बैल इकला म्हनून. माझं नाव नाय घेतलं कधी. मला येवढंच म्हनला, आजपास्न खुणेबिगर कोनाचंबी ऐकायचं नाय. मी मरायला टेकलो असं सांगितलं तरी नाय." तिनं लेकाकडं बघितलं. "हे असंच म्हनला, काळू. ह्याच शब्दांत."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यानं झाकलं व्हतं. मी कसं उघडं करू?"

ती परत सुपाकडं वळली. निवडता निवडता म्हणाली, "तो दुसरा माणूस खरा व्हता. मला त्याच्या पायावरची धूळ बघून कळायला पायजे व्हतं. पन धूळ काय, चोराच्याबी पायाला असते."

सोमवारी काळूरामनं सूचना लिहिली. फार मोठी नाही. 'सांगावा हे माझं अवजार कोणाही अनोळखी माणसाचा हुकूम ऐकतं. आजच बंद करा. हा अपघात नाही. मी ते जाणूनबुजून तसं ठेवलं होतं, आणि ते चूक होतं.' खाली नाव, गाव, तालुका मुरबाड.

मग तीन आठवडे त्यानं अवजार दुरुस्त केलं. गड्याला खूण शिकवली. मागच्या वेळी दोन यंत्रांत जे बोलणं झालं असेल, त्यातूनच पुढची खूण निघायची. तिसऱ्याला ती ठाऊक असायचं कारण नाही. खूण पटली नाही तर गडी जागचा हलायचा नाही. कितीही विनवा.

पत्रं आली. पहिल्या दिवशी साठ. काही शिव्या, काही उपदेश, एकानं 'जाणूनबुजून?' एवढंच विचारलेलं. दुसऱ्या आठवड्यात सहा. एप्रिल संपता संपता एकही नाही. लोकांनी दुसरी अवजारं शोधली. मारेकचं तेवढं आलं, एका ओळीचं: 'नवीन बसवलं, चालतंय. चालवून बघितल्याशिवाय मी आता कशावरच विश्वास ठेवत नाही.' त्यात बर्फ नव्हता, भाताची चौकशी नव्हती. काळूरामनं ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि रागवावं असं काही त्यात सापडलं नाही.

पुढच्या शनिवारी घरी गेल्यावर त्यानं आईला सगळं सांगितलं. खूण शिकवली, सगळ्यांना कळवलं, आता पत्रं येत नाहीत.

"मंग खूण चालते का नाय, कसं कळलं?"

"चालवून बघायचं असतं, आये. नवीन काही केलं की मुद्दाम एक खोटा आणि एक खरा सांगावा धाडायचा, आणि बघायचं."

"हां," ती म्हणाली आणि शेणी रचायला गेली.

खोलीत आता संध्याकाळ फार लांबायची. पेटी बंद होती. पावणेसहाला निघायचं कारण उरलं नव्हतं, तरी पाय सवयीनं जिना उतरायचे. प्रणितनं 'पावणेसहा' म्हणायचं सोडलं होतं, तेही त्याला चुकल्यासारखं वाटे.

मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी तो आसनगाव स्टेशनच्या पायऱ्या चढत होता. करवंदांची पाटी घेऊन बसलेली एक बाई त्याच्याकडं टक लावून बघत होती.

"ओ भाव, वेखंडे का तुमी? धोंडीबाईचा काळू?"

"हो. का?"

"मी सुंदरा. डोंगरातली, तुमच्या गावाच्या वरची. तुमच्या आयेनं सांगावा दिलाय. हाय तसा निघून ये म्हनते." बाईनं डोळे मिटून आठवलं. "अन म्हनली, खारट चहाची खूण."

काळूराम पायरीवरच थांबला. मागून येणारा एक जण त्याला धडकून पुढं गेला.

ठाण्याची गाडी फलाटाला लागत होती. तो तिच्याकडं पाठ करून पायऱ्या उतरला. शहापूरपर्यंत टमटम, तिथून किन्हवलीची एसटी, पुढं एका टेम्पोच्या मागं उभा राहून. वाटेत डोक्यात एकच, की कधीचा निरोप असेल? किती वेळ झाला असेल? शेवटचा चढ तो पळतच चढला.

धोंडीबाई ओट्यावर बसली होती. धडधाकट. वाटेकडं तोंड करून.

"काय झालं?" त्याला दम लागला होता. "आये, काय झालं तुला?"

"मला काय व्हायचंय?" ती म्हणाली. "तूच म्हनलास ना, चालवून बघायला लागतं."

काळूराम ओट्याच्या कडेला बसला. रागवावं की हसावं हे त्याला ठरवता येईना. "मी कामाला चाललो होतो. सगळं टाकून आलो."

"ते दिसतंय की. म्हंजे चालतंय."

"कधी दिलास सांगावा?"

"सोमवारी सकाळी, तू निघाल्यावर. ती रोज बसते म्हनली ठेसनावर, पन तू तिला आजच गावला वाटतं." तिनं पाय लांब केले, गुडघे चोळले.

"सोमवारपास्न इथंच बसलेय मी. भाकरीबी इथंच खाल्ली," ती वाटेकडं बघत म्हणाली. "तीन दिस. लय मोठे असतात रे, तीन दिस."

काळूराम उठून आत गेला. चूल पेटवली, आधण ठेवलं. मग फळीवरचा डबा उजेडात आणला, चिमूटभर तळहातावर घेऊन आधी जिभेला लावून बघितलं, आणि मगच चहात टाकलं.